ऊब कोणाच्या हातात?

सापाला ऊब द्यावी लागते, हे आमची पन्नाशी उलटेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. लहानपणापासून आम्ही साप पाहिले ते दोनच ठिकाणी. एक गारुड्याच्या टोपलीत, आणि दुसरा काठीच्या टोकावर, मेलेला. म्हणून खडकवासल्याला राहणाऱ्या आमच्या पुतण्याने घरात साप पाळले आहेत हे कळल्यावर प्रथम आम्ही 'लाहौल' म्हटले आणि मग कुतूहलापोटी पाहायला गेलो.

साप इथले नव्हते. नाग, धामण, घोणस असा कोणताही देशी साप घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पुतण्याला चांगले ठाऊक होते. त्याच्याकडे होते पश्चिम आफ्रिकेतले 'बॉल पायथन' जातीचे चार छोटे अजगर. विष नाही, लांबी बहुधा चार-साडेचार फूट, घाबरला की अंगाचा चेंडू करून तोंड आत लपवणारा लाजरा जीव. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी २०२४ साली जे नियम आले, त्यांप्रमाणे चारही सापांची रीतसर नोंद झाली होती. कागदोपत्री सगळे चोख होते. जो प्रश्न पुढे आमच्यासमोर उभा राहिला, तो कागदाचा नव्हताच.

पुतण्याने सापांसाठी स्वतः मांडणी बनवली होती. प्लायवूडची, चार खणांची. प्रत्येक खणात प्लॅस्टिकचा एक लांबट डबा, टेबलाच्या ड्रॉवरसारखा आत-बाहेर सरकणारा. डब्याला झाकण नाही. वरच्या खणाची फळी हेच झाकण, आणि मधली फट इतकी बारीक की सापाचे डोके बाहेर निघू नये. हवेसाठी डब्याच्या कडांना तापल्या सळईने पाडलेली भोके. आणि प्रत्येक खणाच्या मागच्या एक-तृतीयांश भागात, डब्याच्या खाली, विजेवर तापणारी एक चपटी पट्टी. पट्टीला थर्मोस्टॅट जोडलेला. त्याच्या वायरीच्या टोकाचा मण्याएवढा सेन्सर पट्टीला चिकटवलेला. पट्टी बत्तीस अंशांवर गेली की वीज बंद, खाली आली की पुन्हा चालू.

"मागची बाजू गरम आणि पुढची गार का?" आम्ही विचारले.

"चाचा, सापाच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नसते. ऊब हवी असली की तो उन्हात जातो, नको झाली की सावलीत. मी त्याला खोलीभर ऊन देऊ शकत नाही. निदान डब्याची दोन टोके तरी देतो."

हे उत्तर आम्हाला फार आवडले. आपण जेवतो त्यातला मोठा भाग अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. सापाचा तो खर्च नाही, म्हणून पंधरा दिवसांतून एखादा उंदीर त्याला पुरतो. पण या काटकसरीची किंमत तो दुसरीकडे मोजतो. अंग गार पडले तर पोटातले अन्नही त्याला पचत नाही. ते कुजते किंवा ओकून पडते. त्याचे पचन, त्याची चपळाई, आजाराशी झुंजण्याची ताकद, सारे बाहेरच्या उबेवर चालते. सापाचे अर्धे आरोग्य त्याच्या शरीराबाहेर असते असे म्हटले तरी चालेल. जंगलात ते सूर्याच्या आणि जमिनीच्या ताब्यात असते. डब्यात ते बटणाच्या ताब्यात जाते, आणि बटण आपल्या हातात.

खडकवासल्याची हिवाळ्यातली पहाट बोचरी असते. धरणाच्या पाण्यावरून वारा येतो आणि शहरात जी थंडी स्वेटरवर भागते ती इथे गोधडी मागते. डिसेंबरातल्या अशाच एका पहाटे, आम्ही मुक्कामाला असताना, पुतण्याने आम्हाला हलवून जागे केले. तिसऱ्या खणातला सेन्सर रात्री कधीतरी चिकटपट्टी सुटून खाली लोंबकळला होता. लोंबकळणाऱ्या सेन्सरला लागत होती खोलीतली गार हवा. तो बिचारा इमानाने सांगत राहिला की फार थंडी आहे, आणि थर्मोस्टॅट इमानाने पट्टी तापवत राहिला. डब्याचा तळ हाताला चटका बसेल इतका तापला होता. आणि साप? तो त्याच तापलेल्या टोकाला पडून होता. पोटाकडचे खवले लाल होऊन सुटू लागले होते.

आम्हाला खरा धक्का बसला तो याच गोष्टीचा. पुढचे टोक मोकळे होते. मग तो सरकला का नाही? पुण्यातल्या ज्या पशुवैद्यांनी उपचार केले त्यांना यात नवल वाटले नाही. तापलेल्या तळावर पोट भाजेपर्यंत पडून राहिलेले साप त्यांनी पूर्वीही पाहिले होते. जंगलात ऊब बहुधा वरून, सूर्याकडून येते. पोटाखालून चटका देणाऱ्या जमिनीची सापाला ओळख नाही, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण आम्हाला अधिक अस्वस्थ करून गेले. भोवतालचे सगळेच गार असले की प्राणी एकुलत्या एका उबेला सोडत नाही, मग ती उबेची चटका झाली तरी. त्या रात्री पुढचे टोक गार नव्हते, गारठलेले होते. म्हणजे पुतण्याने सापाला दोन टोके दिली होती, पण निवड दिली नव्हती.

साप वाचला. मलम, स्वच्छता आणि तीन-चार वेळा कात टाकल्यावर जखम भरून आली. डाग राहिला. पुतण्या मात्र कित्येक दिवस एकच वाक्य बोलत होता, "चाचा, मी तर त्याला ऊबच देत होतो." या वाक्याने आम्हाला विचारात पाडले. हेतू चांगला, वस्तू चांगली, आणि परिणाम भाजल्याचा. यात गुन्हा कोणाचा? सेन्सरचा? चिकटपट्टीचा? की ज्याने एका जिवाचा सूर्य आपल्या हातात घेतला त्याचा?

आपल्या धर्मपरंपरेत सापाबद्दल फारसे प्रेम नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. हरमच्या हद्दीतही ज्यांना मारण्याची मुभा आहे अशा उपद्रवी जिवांत काही रिवायतींनी सापाचे नाव घेतले आहे. पण त्याच परंपरेत असेही आहे की मदिनेतल्या घरात साप दिसला तर त्याला तीन दिवस इशारा द्यावा, लगेच मारू नये. शत्रू मानलेल्या जिवालाही आधी सांगण्याची ही रीत आम्हाला मोठी वाटते. प्राणी कोंडण्याविषयी तर दोन हदीसा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतात. एक, मांजर बांधून ठेवून मारणाऱ्या बाईची, जिला त्यापायी नरक मिळाला. दुसरी, हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्या छोट्या पाखराची. ते पाखरू मेले तेव्हा हिरमुसलेल्या त्या पोराची प्रेषितांनी (स.) मायेने विचारपूस केली. या दुसऱ्या हदीसवरून कित्येक फकीहांनी असा अर्थ काढला की खाऊपिऊ घालून पाखरू पाळायला हरकत नाही.

मग मांजराच्या बाईचा गुन्हा नेमका कोणता? उपाशी ठेवले हा तर आहेच. पण हदीस तिथे थांबत नाही. तिने स्वतः खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडूकमिडूक स्वतः शोधून खायला सोडलेही नाही, अशी दुहेरी तक्रार तिथे आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे यात कोंडण्याचा सगळा कायदा येतो. प्राणी मोकळा असेल तर त्याचा रिझ्क अल्लाहने पसरून ठेवलेला आहे. तो शोधून घेईल. तुम्ही दार लावलेत की त्या रिझ्ककडे जाणारी वाट तुम्ही बंद केलीत. त्या क्षणापासून जे जे तो स्वतः शोधू शकला असता, ते ते पुरवण्याची जबाबदारी तुमच्यावर आली. मांजराच्या बाबतीत ते अन्न होते. सापाच्या बाबतीत अन्नाइतकीच ऊब आहे, आणि उबेइतकाच गारवा आहे.

तेराव्या शतकातले दमास्कसचे मोठे विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी माणसावर असलेल्या जनावरांच्या हक्कांची यादीच केली आहे. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्यावर खर्च करत राहा. झेपणार नाही असे ओझे लादू नका. त्याला इजा करणाऱ्यांबरोबर ठेवू नका. त्याची बसण्याची जागा चांगली ठेवा. ही यादी उंट-बैलांसाठी असेल. पण यातले पहिले कलम पाहा. बॉल पायथन पाळलेल्या घरात वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या, साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० साली, कित्येक वर्षांत नराचा सहवास नसताना अंडी घातली. म्हणजे विशीतल्या पोराने हौसेने आणलेला साप त्याच्या लेकरांच्या लग्नापर्यंत त्याच्या गळ्यात आहे. हौस चार वर्षांत फिटते. जबाबदारी फिटत नाही.

इथे आमच्या एका मित्राने आक्षेप घेतला. म्हणाला, मोकळेपणाचे एवढे कौतुक कशाला? सिंहगड रस्त्यावर रात्री बघा. दिवसभर तापलेल्या डांबरावर साप ऊब घ्यायला येतात आणि गाडीखाली चिरडतात. त्यापेक्षा तुमच्या पुतण्याचा डबा काय वाईट? आक्षेप खोटा नाही. मोकळ्या जिवाची निवडही त्याला मारू शकते. पण त्या रस्त्यावर सापाला कोणी कोंडलेले नव्हते. रस्ता आपण बांधला, त्याचे पाप आपल्याकडे आहेच. पण त्यामुळे डबा पुण्याचा होत नाही. एका अन्यायाने दुसऱ्याची भरपाई होत नसते.

आणि टोपलीचा विषय निघालाच आहे तर गारुड्यालाही विसरून चालणार नाही. महाराष्ट्रातल्या मदारी-गारुडी जमातींत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. सापाचे दात पाडणे, क्वचित तोंड शिवणे, टोपलीत उपाशी ठेवणे, हे त्या धंद्यातले क्रौर्य होते आणि कायद्याने ते थांबवले हे योग्यच झाले. पण टोपली काढून घेतलेल्या त्या हातांना पुढे काय मिळाले? ज्याला सापाचे विष, सवयी, बिळे सारे माहीत, तो माणूस शहराच्या कडेला भंगार वेचत राहिला. आणि पैसेवाल्या घरात विदेशी अजगर नोंदणीपत्रासह आला. पोटासाठी कोंडणारा गुन्हेगार आणि हौसेसाठी कोंडणारा प्राणिप्रेमी, हा हिशोब आम्हाला पटत नाही. टोपली आणि डबा यांना एकच तराजू लावावा लागेल: आतल्या जिवाला स्वतःसाठी काय निवडता येते?

दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान अल-सफा' मंडळींनी एक विलक्षण खटला लिहून ठेवला आहे. जनावरे जिन्नांच्या राजापुढे माणसावर फिर्याद लावतात. माणसे आपले रूप, अक्कल, हुन्नर पुढे करतात आणि जनावरे एकेक दावा खोडून काढतात. निकाल अखेर माणसाच्या बाजूने लागतो, पण तो अकलेच्या जोरावर नाही, मरणोत्तर जीवनाच्या मुद्द्यावर. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो: ज्याला पुढे उठून जाब द्यायचा आहे, त्याच्याच हातात दुसऱ्याचा लगाम शोभतो. जाब विसरला की तोच लगाम जुलूम होतो.

सेन्सरची गोष्ट आम्हाला सापापुरती राहिली नाही. सेन्सर खोटे बोलला नव्हता. तो फक्त जिथे लटकत होता तिथले तापमान सांगत होता, साप जिथे होता तिथले नाही. आपल्या घराघरांत हेच होत नाही का? मुलीला दहावीनंतर घरी बसवताना "तिला इथे काय कमी आहे?" असे आपण विचारतो, ते आपल्या जागेवरून. म्हाताऱ्या आईला मुलाच्या फ्लॅटवर आणून ठेवताना "आराम आहे की" असे म्हणतो, तेही आपल्याच जागेवरून. माणसाची आणि सापाची बरोबरी आम्ही करत नाही. माणसाला तोंड आहे, तो बोलू शकतो. म्हणून तर त्याला न विचारता त्याची ऊब ठरवणाऱ्याचा गुन्हा अधिक मोठा. भोवताली सगळे गारठवून ठेवायचे आणि ती घराच्या उबेला चिकटून राहिली की म्हणायचे, बघा, तिलाच इथे राहायचे आहे. त्या पहाटे तो सापही हललेला नव्हता.

पुतण्याने मांडणी मोडली. तीन खणांच्या जागी एक लांब कपाट केले, साप पूर्ण अंग ताणू शकेल एवढे. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा पण गारठा नाही, आणि दोन्हीकडे लपायला एकेक मडके. कारण लपण्यासाठी ऊब सोडावी लागणे किंवा उबेसाठी उघड्यावर यावे लागणे, हीही सक्तीच. सेन्सर आता स्क्रूने पक्का बसवला आहे आणि वेगळा तापमापक कपाटाच्या आत, सापाच्या अंगाच्या उंचीवर आहे. आधीचा थर्मोस्टॅट अडकला तर वीज तोडणारा दुसराही बसवला. चार सापांपैकी दोन त्याने जाणत्या पाळणाऱ्याकडे रीतसर सोपवले. नवीन आणणार नाही, असे तो म्हणतो. पश्चिम आफ्रिकेत तो सापाला सोडून येऊ शकत नाही, आणि खडकवासल्याच्या रानात सोडणे हा सापावर आणि रानावर, दोघांवरही अन्याय ठरेल. तेव्हा कोंडणे आता टळत नाही. कोंडलेल्याचे जेवढे परत देता येईल तेवढे देणे, एवढेच उरते.

मागच्या थंडीत आम्ही पुन्हा गेलो होतो. फजरनंतर पुतण्याने कपाटावरचा दिवा लावला. पट्टी चालू होती, बत्तीस अंश. डाग असलेला साप गार टोकाच्या मडक्यात निवांत पडला होता. पुतण्याने दिवा घालवला आणि आम्ही दोघे चहाला गेलो.