संन्यास, शस्त्र आणि सूड
अन्यायी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणे संन्यासधर्मात बसते का, हा प्रश्न हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात 1948 साली पोथीतून रस्त्यावर आला. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी, गांधींना मानणारे. तरी निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या अत्याचारांपुढे त्यांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर सशस्त्र छावण्या उभारल्या. सप्टेंबरमधील भारतीय लष्कराच्या ‘पोलीस कारवाई’ने निजामी राजवट संपली आणि मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला जाऊ लागला. या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि तेव्हाचा उस्मानाबाद होते. लातूर त्यातच येई. अत्याचारी सत्तेशी लढणे समर्थनीय ठरते, निरपराध शेजाऱ्याला मारणे कोणत्याच धर्माने नाही. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी मराठीत विपुल आल्या, अनंत भालेरावांसारख्यांनी इतिहास लिहिला. या शेजाऱ्यांचे दुःख मात्र साहित्यात फार थोडे उतरले, आणि ही उणीव गंभीर आहे.