करुणेची साक्ष

माणसे द्वेषाने पेटतात त्याहून लवकर दुसऱ्याच्या दुःखाने पेटतात. युद्ध हवे असणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते.

१० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन काँग्रेस सदस्यांच्या एका गटापुढे पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितले, की इराकी सैनिकांनी इस्पितळातील इन्क्युबेटरमधून अर्भके काढून थंड फरशीवर मरायला टाकली. सुरक्षेचे कारण देऊन तिचे आडनाव लपवले होते. ती साक्ष टीव्हीवरून घरोघर पोचली. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती, हे लोकांना कळले जानेवारी १९९२ मध्ये. तिच्या कथेला पुरावाही मिळाला नाही.

कुणी म्हणेल, कुवेतवरचे आक्रमण तर खरे होते! होतेच. मग खऱ्या अन्यायाला अशा साक्षीची गरज का पडावी? एकदा फसलेला माणूस पुढच्या खऱ्या आक्रोशालाही कान बंद करतो. हे नुकसान युद्धाच्या हिशेबात कुणी धरत नाही.

आपण सीमाभागातले लोक एकाच मोर्चाची बातमी मराठीत वाचतो, कन्नडमध्येही वाचतो; दोन्हींतले आकडे क्वचितच जुळतात. ही सवय आपल्याला परिस्थितीनेच लावली आहे. तिचा उपयोग दूरच्या युद्धांच्या बातम्या वाचतानाही व्हावा. विद्यार्थ्यांना मी सांगतो, डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. पण सांगणारा कोण आणि त्याने स्वतः काय पाहिले, हे पहिली तोफ धडाडण्यापूर्वी विचारा.