थेट सरपंच, तहकूब सभा

बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवणाऱ्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीला धडा शिकवायचा म्हणून ब्रिटिश संसदेने 1774 साली काही कायदे केले. त्यातला एक आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पदाधिकारी आणि प्रतिनिधी निवडण्याच्या ठरलेल्या सभा सोडल्या, तर गव्हर्नरच्या लेखी परवानगीवाचून गावाने दुसरी सभा भरवायची नाही, असा तो होता. चहाचे नुकसान तर लंडनने भरून मागितलेच. गावसभेवर मात्र बंदीच घालावी लागली, इतकी लंडनला तिची धास्ती होती. आपल्याकडे सगळे उलटे आहे. महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा वर्षातून किमान चार ग्रामसभा सक्तीने घ्यायला लावतो, आणि तरी सभा भरत नाही. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे आली की गणपूर्ती होते. दोन-तीन हजार मतदारांच्या गावाला शंभर माणसे जड जाऊ नयेत, पण जातात. सतरंजी अंथरलेली असते, माइकवरून दोनदा पुकारा होतो, पारावरची माणसे पारावरच बसून राहतात आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस जणांत ठराव मंजूर होतात, आणि प्रोसिडिंगवरच्या उरलेल्या सह्या कित्येक गावांत शिपाई घरोघर फिरून आणतो. ज्या सभेला एका साम्राज्याने बंदी घातली, ती आपण एका पळवाटेने निकामी केली.

या सभेचे काही करण्याऐवजी गेली काही वर्षे आपण सरपंच कसा निवडावा यावरच भांडत आहोत. 2017 पर्यंत सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. 2017 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. सरकार बदलले की सरपंचाचा दरवाजा बदलतो. थेट निवडीच्या बाजूचा मुद्दा मात्र खोटा नाही. सदस्य फोडणे, त्यांना सहलीला नेऊन ठेवणे, आठ महिन्यांत अविश्वास आणणे हा खेळ मराठवाड्याने पुष्कळ पाहिला आहे. सरपंच थेट लोकांनी निवडला तर तो कुणाच्या खिशात राहत नाही, हे खरेच. या युक्तिवादात अमेरिकेच्या अध्यक्षाचा दाखला हटकून येतो, आणि तिथे गफलत होते. 1787 साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी अध्यक्ष थेट लोकांकडून निवडून घेतलाच नाही. मध्ये निर्वाचक ठेवले. सिनेटही 1913 पर्यंत राज्यांची विधिमंडळे निवडत होती. अध्यक्ष कसा निवडायचा यावर ते घासाघीस करीत राहिले, पण निवडल्यावर त्याला अडवणार कोण, हा प्रश्न त्यांनी कधी नजरेआड होऊ दिला नाही. अध्यक्ष तिथल्या संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, सदस्य नसतो आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते. आपला थेट सरपंच कारभार करतो, पंचायतीच्या मासिक सभेचा अध्यक्ष असतो, आणि त्याच कारभाराचा जाब विचारायला भरलेल्या ग्रामसभेचे अध्यक्षस्थानही सर्वसाधारणपणे त्याचेच. अध्यक्षीय पद्धतीचा दिमाख आपण आणला, कुंपण तिकडेच राहिले. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या परिसरातल्या, गावसभेत पहिले काम असे ते सभेने आपला अध्यक्ष निवडण्याचे. कारभार पाहणारे पंच बाजूला बसत आणि उत्तरे देत.

त्या सभेला लोक येत, याचे कारण त्यांच्या अंगी लोकशाही मुरली होती हे नव्हे. शाळा, रस्ता, पाद्र्याचा पगार यांसाठी कुणी किती पट्टी द्यायची हे तिथेच ठरे. गैरहजर राहणाऱ्याचा खिसा हजर राहणारे ठरवीत. कर लादणाऱ्या 1765 च्या ब्रिटिश स्टॅम्प कायद्याने पेट घेतला तो या सवयीवर. स्वतःवरचा कर स्वतः ठरवणाऱ्याला दुसऱ्याने बसवलेला कर टोचतो. आमच्या पंचायतीचा बहुतेक पैसा वरून येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. उरलेल्या अबंधित रकमेत ग्रामसभेने डोके चालवायचे. पैसा जिथून येतो तिकडे कारभाऱ्याचे तोंड असते, मग तो थेट निवडलेला असो की सदस्यांनी.

यावर कुणी म्हणेल, कोरडवाहू गावाने कसला कर बसवायचा? सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे तामलवाडी पाहावे. हद्दीत रसायनांचा कारखाना आहे, महामार्गावर टोलनाका आहे. टोल कापल्याच्या मेसेजमध्ये गावाचे नाव येते, त्या पैशाशी गावाचा संबंध नाही. कारखान्याची गोष्ट वेगळी. इमारतींवर कर बसवण्याचा अधिकार पंचायतीला आहे. करांऐवजी कारखान्याने ठोक रक्कम देण्याचा करार करायची सोयही कायद्यात आहे. ती रक्कम किती असावी आणि कशावर खर्चावी, हा शंभरच काय, पाचशे माणसे सतरंजीवर आणणारा विषय आहे. आणि जिथे कारखाना नाही तिथे घरपट्टी तर आहे. रक्कम लहान असली तरी ती आपण ठरवली, ही सवय लहान नसते.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाची सालटी काढली होती. खेडे त्यांना संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर वाटत होते. तेव्हा तामलवाडीचा मुलूख निजामाच्या राजवटीतून सुटून जेमतेम सात आठवडे झाले होते. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धती मागायचे ठरवले, तर निजामाने संघटना स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. तिथल्या रयतेला सभेचा सराव कुठून असणार? मग खेड्याच्या सभेवर भरवसा का ठेवायचा? बाबासाहेबांचे निदान मला खोटे वाटत नाही. अमेरिकेच्या त्या गावसभाही निर्मळ नव्हत्या. सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समध्ये मताचा हक्क चर्चच्या सदस्य पुरुषांनाच होता, आणि पुढच्या राज्यघटनेने गुलामांना मोजताना पाचातले तीन धरले. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती गुलामी मोडल्याबद्दल. ती मोडायला तिथे यादवी युद्ध करावे लागले होते. आपण मात्र सभेचे दार आधीच उघडले आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, मागास जातींचे आरक्षण आहे. पण आरक्षणाने खुर्ची मिळते. खुर्चीवरच्या बाईच्या मागे बसून कारभार हाकणाऱ्याला चारचौघांत प्रश्न विचारायची जागा ग्रामसभाच, आणि ती वीस जणांत उरकली तर जुना संकुचितपणा तिथे सुखाने नांदतो. बाबासाहेबांचा आक्षेप खरा ठरतो तो रिकाम्या सभेत.

म्हणून पंचायतीच्या कायद्याला पुन्हा हात लावणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. सरपंच थेट असो की आडवळणाने, त्याला तूर्त सोडा. ग्रामसभेला तिचा अध्यक्ष तिलाच निवडू द्या, आणि तहकूब सभेलाही गणपूर्ती लावा.