गैरहजरांची नोंद

गेल्या डिसेंबरात आमच्या गावच्या वाचनालयात एका पत्रकार-लेखकाचे व्याख्यान झाले. विषय होता, नामशेष होणारे जीव आणि वृत्तपत्रे. अध्यक्षस्थानी अस्मादिक. श्रोते चाळीसएक, त्यांतले निम्मे आमच्या शाळेचे, म्हणजे आणलेले. समारोपाला चार गोड शब्द बोलावेत आणि नारळ घेऊन घरी जावे, एवढीच माझी तयारी होती.

वक्ते म्हणाले, “वाघ गावात शिरला की बातमी होते. एखादा जीव गावातून कायमचा गेला, तर होत नाही. कारण त्या दिवशी काही घडलेलेच नसते.” अमेरिकेतली शेवटची प्रवासी कबुतरी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तारीख कळली, कारण ती पिंजऱ्यात होती आणि तिला मार्था असे नाव होते. आकाशातल्या पाखरांची तारीख कोण लिहून ठेवणार?

मग त्यांनी गिधाडांची हकिकत सांगितली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. कारण २००४ साली उजेडात आले. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे औषध देत. असे जनावर लवकरच मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर त्याची मूत्रपिंडे निकामी होत. शंभरात एखादे मढे असे असले, तरी एवढा ऱ्हास व्हायला पुरेसे होते. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, अशी आपली म्हण. इथे गाईच्या औषधाने गिधाड मेले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी आमची नववीतली एक मुलगी उठली. तिने वक्त्यांना नव्हे, मला विचारले, “सर, तुम्ही तर इथलेच. तुम्ही शेवटचं गिधाड कधी पाहिलंत?”

मला उत्तर देता येईना. लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात वर ठिपके दिसू लागत. संध्याकाळी हाडे तेवढी उरत. हे सारे आठवते. ते थांबले कधी, हे आठवत नाही. आठवली ती आमची कपिला. १९९८ साली ती पाय मोडून गोठ्यात पडली. तिचे कण्हणे आईला ऐकवेना, म्हणून मीच डॉक्टरांना बोलावून आणले. त्यांनी वेदनेवर इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि आम्ही तिला त्याच माळावर नेऊन टाकले. इंजेक्शन कोणते, ते मी विचारले नव्हते.

यात दोषी कोण? आपला नीतिविचार हेतूवर उभा आहे. हेतू शुद्ध असेल तर कर्म डागाळत नाही, असे मी स्वतः वर्गात शिकवतो. माझा हेतू शुद्ध होता, डॉक्टरांचाही होता. दयेपोटी केलेल्या कामाला मी आजही पाप म्हणणार नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून तेच औषध गुरांना टोचले जात राहिले. त्या बाटल्यांना २०१५ साली आळा बसला. मधल्या वर्षांत अज्ञान संपले होते, सोय तेवढी उरली होती. पाप शोधायचे तर तिथे शोधावे.

आणि माझ्यासारख्याचे काय? मी मारले की नाही, ते सांगता येत नाही. पण माझे लक्ष नव्हते, हे नक्की. शाळेत आम्ही रोज हजेरी घेतो, ती आलेल्यांसाठी नव्हे, न आलेल्यांसाठी. तीन दिवस मूल दिसले नाही, तर घरी निरोप जातो. ज्याचे नाव पटावर नाही, त्याची चौकशी कोणी करत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी पूर्वी घरटी मोजून ठेवली होती, म्हणून ती घटल्याचे त्यांच्या ध्यानात आले. आमच्या पटावर गिधाड नव्हतेच. जटायूला रामाने पित्याप्रमाणे अग्नी दिला, हे आम्ही मुलांना सांगतो आणि लुटारू माणसाला गिधाड म्हणतो. ज्याचे नाव शिवी झाले, त्याची वाट कोण पाहणार?

अजाणता घडलेल्या चुकीची शिक्षा नसावी; पण जाणून घेण्याच्या कर्तव्यातून सुटका कोणाचीच नाही, असे आता मला वाटते. पत्रकाराचे खरे काम बहुधा हेच: गावाच्या वतीने हजेरी घेणे. मात्र सगळी हजेरी त्याच्यावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

त्या दिवशी मी मुलीला एवढेच म्हणालो, “आठवत नाही, बाळ. लक्षच नव्हतं.” माझे अध्यक्षीय भाषण तेवढेच झाले. जूनपासून नववीच्या वर्गात एक वही ठेवली आहे. मुले येता-जाता दिसलेली पाखरे तारखेसह तिच्यात लिहितात. चिमणी, होला, घार, खंड्या. पहिल्या ओळीत मुलीने गिधाडाचे नाव घातले आहे. त्याच्यापुढची घरे रिकामी आहेत. वही फार मोठे काम करील, असा माझा दावा नाही. उद्या कोणी मुलाने पुढच्या मुख्याध्यापकाला घारीबद्दल विचारले, तर त्याच्यावर माझ्यासारखी पाळी येऊ नये, इतकेच.