न बोललेलेही ऐकू या



आपण रोज ध्यानाला बसतो तेव्हा शब्द बाजूला ठेवतो. ईश्वर मौनात भेटतो, अशी आपली श्रद्धा आहे. मग ज्या बालकाकडे शब्दच नाहीत, त्याच्यासमोर आपण अस्वस्थ का होतो?

ज्या घरात असे बालक वाढत आहे, त्या घरातील आई-वडिलांसाठी हे चिंतन आहे. आणि सत्संगात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आपल्या सर्वांसाठीही.

दुसऱ्याची कर्माची वही

‘मागच्या जन्मीचे काही असेल’, हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकले असेल! बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसते. पण त्या एका वाक्याने आईची झोप उडते आणि ती स्वतःलाच अपराधी मानू लागते. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की, कर्माची गती समजणे फार कठीण आहे. जी वही आपल्याला वाचताच येत नाही, तिच्यात दुसऱ्याच्या नावे पाप लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी वाणिज्य शाखेत शिकते. तिथेही पावती पाहिल्याशिवाय कोणाच्या खात्यावर रक्कम टाकत नाहीत.

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा आठवा. गर्भात असतानाच त्याने वडिलांच्या वेदपठणातील उणीव दाखवली. कहोड ऋषींना ते सहन झाले नाही. त्यांनी शाप दिला आणि बालक आठ ठिकाणी वाकलेले शरीर घेऊन जन्माला आले. पुढे याच मुलाने जनकाच्या सभेत बंदीला वादात हरवले आणि गमावलेले वडील परत मिळवले. या कथेत बालकाचा अपराध कुठे आहे? मुलाचे ऐकून घेण्याची तयारी वडिलांकडे नव्हती, एवढेच दिसते.

म्हणून आई-बाबांनो, तुमच्या बाळाला कोणी शाप म्हणाले तर ते मनाला लावून घेऊ नका. कोणी ‘दिव्य आत्मा’ म्हणाले तरी त्यात अडकू नका. ते एक मूल आहे. त्याला भूक लागते, राग येतो, खेळायचे असते आणि काही सांगायचेही असते.

ऐकणे हीच साधना

सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला बाळ पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लहानपणीच इजा झालेली असते. जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, म्हणून बोलणे कठीण जाते. पण अशा मुलाला पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा खूप जास्त समजत असते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी ‘याला काही कळत नाही’ असे कधीही म्हणू नका.

प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. त्याच्या शरीराला उत्तर द्यायला वेळ लागतो. दूध आणि पाणी दोन्ही समोर धरा आणि त्याची नजर कुठे थांबते ते पाहा. वाणी-उपचार तज्ज्ञांच्या मदतीने चित्रांची पाटी तयार करा. त्यावर ‘हवे’, ‘नको’, ‘दुखते’, ‘अजून’ ही चित्रे असू द्या. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे. उलट अनेक मुलांना त्यातून बोलण्यासाठी आधार मिळतो. मूल त्रास देते म्हणून ती पाटी काढून घेणे म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणे.

प्रार्थना जरूर करा, पण प्रार्थनेसाठी उपचार थांबवू नका. उपचार लवकर सुरू झाले तर फायदा अधिक होतो. फिजिओथेरपीला नेणे हीदेखील त्या दिवसाची पूजाच आहे.

‘आमच्यानंतर कोण?’

हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांना छळतो. श्रद्धेबरोबर व्यवहारही सांभाळायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांचा समावेश आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर जिल्ह्यातील स्थानिक समितीकडून त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र वेळेवर काढून ठेवा.

सत्संगातील आपली सेवा

आता आपण सर्वांनी काय करायचे? मुलाने आवाज काढला तर वळून पाहू नका. ज्याचे ध्यान एका बालकाच्या आवाजाने मोडते, त्याने आपल्या ध्यानाचा विचार करावा. काही मुलांना टाळ-घंटांचा मोठा आवाज सोसत नाही, त्यांच्यासाठी दाराजवळची जागा मोकळी ठेवा. आईला विचारल्याशिवाय मुलाच्या तोंडात प्रसाद घालू नका, कारण अनेकांना गिळायला त्रास होतो आणि घास अडकू शकतो. मुलाशी बोलायचे असेल तर खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, नाव घेऊन नमस्कार करा आणि थांबा.

आणि जमेल तेव्हा त्या आईला सांगा, ‘ताई, आज एक तास मी याच्याजवळ बसते, तुम्ही निवांत ध्यानाला बसा.’ त्याआधी मुलाची पाटी कशी वापरायची, हे तिच्याकडून शिकून घ्या.

सर्वांभूती एकच चैतन्य आहे, असे आपण रोज म्हणतो. ते चैतन्य एखाद्या नजरेतून, एखाद्या वाकलेल्या बोटातून बोलू लागेल तेव्हा ऐकण्याइतका धीर आपल्याला मिळो, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना.