हिंसेचा रसिक : ‘हेलसिंग’च्या निमित्ताने

१

कलाकृतीतील हिंसेने आपल्याला आनंद होतो, ही गोष्ट नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय? या प्रश्नाला सौंदर्यशास्त्राने दिलेली दोन उत्तरे परिचित आहेत. पहिले विरेचनाचे. भीती आणि करुणा यांना कलेत वाट मिळते आणि त्यामुळे प्रेक्षकाचे मन निवळते. दुसरे अलिप्ततेचे. रसिकाचा कलावस्तूशी व्यावहारिक हितसंबंध नसतो. कांटच्या मीमांसेत ही अलिप्तता सौंदर्यविधानाची अट म्हणून येते, तर भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विवेचनात साधारणीकरणाच्या रूपाने. ‘हे माझे’, ‘हे शत्रूचे’ असे संबंध गळून पडल्यावरच भाव आस्वाद्य होतो. या दुसऱ्या उत्तरातून एक गृहीतक नकळत रूढ झाले आहे. ज्याला काही मिळवायचे नाही, त्याचा दोषही नाही, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात ते एका जपानी चित्रमालिकेच्या आधारे तपासावयाचे आहे.

कोउता हिरानो यांची ‘हेलसिंग’ ही चित्रकथा, म्हणजे मांगा, ‘यंग किंग अवर्स’ या मासिकातून १९९७ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यावरून प्रथम २००१-०२ मध्ये तेरा भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली. मूळ कथा तेव्हा अपूर्ण असल्याने त्या मालिकेने स्वतंत्र शेवट रचला. पुढे २००६ ते २०१२ या काळात ‘हेलसिंग अल्टिमेट’ हे मूळ कथेशी एकनिष्ठ असलेले दहा भागांचे रूपांतर आले. पुढील विवेचन या दुसऱ्या रूपांतरापुरते आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ ची. तिच्यातील पराभूत उमराव येथे व्हॅन हेलसिंगच्या वंशजांचा बांधील सेवक झाला आहे. अलुकार्ड हे त्याचे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की मूळ नाव हाती येते. इंग्लंडच्या राजसत्तेची सेवा करणारी हेलसिंग ही संघटना रक्तपिशाचांचा नाश करते, आणि त्या कामी तिचे सर्वांत प्रभावी शस्त्र स्वतःच रक्तपिशाच आहे. संघटनेची प्रमुख सर इंटेग्रा ही मात्र माणूस आहे.

मालिकेतील हिंसा अतोनात आहे, आणि ती संकोचाने दाखविलेली नाही. प्रस्तुत लेखक तिचा चाहता आहे. येथे विचारलेला प्रश्न, म्हणून, इतरांच्या अभिरुचीविषयीचा नाही.

२

मालिकेतील खलनायकाला नाव नाही. त्याला केवळ ‘मेजर’ म्हणतात. नाझी जर्मनीच्या पराभवानंतर दक्षिण अमेरिकेत दडून राहिलेल्या ‘मिलेनियम’ या गटाचा तो नायक. कृत्रिम रक्तपिशाचांची एक हजारांची पलटण त्याने उभी केली आहे. लंडनवर चाल करण्यापूर्वी तो तिच्यासमोर जे भाषण करतो, ते मालिकेच्या चाहत्यांना सर्वाधिक स्मरते. आपल्याला युद्ध आवडते, एवढेच त्याला सांगायचे आहे. मग आवडणाऱ्या युद्धांची एक लांबलचक यादी सुरू होते. वेढा, पिछेहाट, खंदक, वाळवंट, बर्फाळ प्रदेश, समुद्र, आकाश असे एकेक नाव तो चवीने उच्चारतो. आपला पराभव, आणि ज्यांचे रक्षण करावयाचे त्या गावांतील स्त्रियामुलांची कत्तल, यांनाही त्या यादीत जागा आहे.

हे भाषण सैनिकाचे नाही. सैनिकाला जिंकायचे असते. मेजरला जिंकायचे नाही. वंशश्रेष्ठत्वाची भाषा त्याच्या पलटणीच्या गणवेशावर आहे, पण त्याच्या मनात नाही. राज्य, सूड, संपत्ती यांपैकी काहीच त्याला नको आहे. युद्ध हे त्याचे साधन नसून साध्य आहे, आणि तेही संपू नये एवढीच त्याची इच्छा आहे. स्वतः त्याला धड नेमही धरता येत नाही. आपल्या हवाई जहाजात बसून तो जळणारे लंडन पाहतो. यादी करणे, प्रकारभेद जाणणे, प्रत्येक प्रकाराची वेगळी गोडी सांगणे, पाहत राहणे आणि हाती काही लागावे अशी अपेक्षा न ठेवणे, ही सर्व लक्षणे आपण एरवी रसिकाची म्हणून सांगतो. मेजर हा हिंसेचा रसिक आहे, आणि त्याचा आस्वाद निखालस निरपेक्ष आहे.

अलिप्ततेवर उभारलेल्या समर्थनाची अडचण येथे स्पष्ट होते. हितसंबंधांचा अभाव एवढ्यानेच आस्वाद निर्दोष ठरत असेल, तर मेजरही निर्दोष ठरेल. तो खऱ्या माणसांना मारतो आणि आपण चित्रे पाहतो, हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु तो भेद वस्तूतला आहे, वृत्तीतला नव्हे. आपल्या वृत्तीत आणि त्याच्या वृत्तीत अंतर आहे हे दाखवायचे असेल, तर त्यासाठी अलिप्ततेपेक्षा वेगळे काहीतरी दाखवावे लागेल.

३

ते काय असावे, याची दिशा याच मालिकेतील एक प्रसंग दाखवतो. रिओ दि जानेरोतील एका हॉटेलात अलुकार्डची गाठ सशस्त्र पोलिसांशी पडते. हे पोलीस रक्तपिशाच नाहीत. ते वरिष्ठांच्या आज्ञेने आलेली माणसे आहेत. सेरास व्हिक्टोरिया ही पूर्वाश्रमीची पोलीस शिपाई. मरता मरता तिने रक्तपिशाच होणे स्वीकारलेले आहे. ती माणसांच्या या हत्येने हादरते. अलुकार्ड तिच्याशी वाद घालत बसत नाही. तो लंडनला इंटेग्राशी संपर्क साधतो आणि आज्ञा मागतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा : मी राक्षस आहे, मला मारताना संकोच होणार नाही, बंदूक मी असेन, पण मारण्याचा संकल्प तुझा असला पाहिजे. तो तुझा आहे काय? इंटेग्रा अडखळते, संतापते, आणि अखेर आज्ञा देते.

भारतीय वाचकाला येथे ‘निमित्तमात्र’ ही कल्पना आठवणे स्वाभाविक आहे. गीतेत माणूस निमित्त आणि कर्तृत्व ईश्वराचे. त्यामुळे अर्जुनाच्या मनावरचा भार उतरतो. येथे नेमके उलट घडते. अमानुष शक्ती स्वतः निमित्त होऊ पाहते आणि कर्तृत्वाचा भार माणसाच्या खांद्यावर ठेवते. वेताळपंचविशीतील वेताळही राजाच्या खांद्यावर बसून ‘अपराध कुणाचा?’ असे विचारतो, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला मौनाची सोय ठेवत नाही. अलुकार्डचा प्रश्न त्याच जातीचा आहे. माणसांची हत्या इंटेग्राच्या आज्ञेने योग्य ठरते, असे मालिका म्हणत नाही. ती हत्या कुणाची, एवढे मात्र ती निश्चित करते.

मेजर आणि इंटेग्रा दोघेही हिंसेची आज्ञा देतात. फरक असा, की मेजरच्या भाषणात आनंद पुष्कळ आहे, पण भार कुठेच नाही. इंटेग्राच्या आज्ञेत भारच आहे. अलुकार्डलाही हा फरक कळतो. राक्षसाचा वध माणसानेच करावा, असे त्याचे मत आहे, आणि त्या वधाची तो वाट पाहतो. कॅथलिक धर्मयोद्धा अँडरसन विजयासाठी पवित्र खिळा छातीत ठोकून घेऊन स्वतःच अमानुष होऊ लागतो, तेव्हा अलुकार्ड त्याला तसे न करण्याची विनवणी करतो, आणि तो मरतो तेव्हा रडतो. माणूसपण ओझे वाटले म्हणून जे टाकले, त्याचे मोल त्याला उशिरा कळलेले आहे.

४

प्रेक्षकाकडे आता परत येता येईल. रसाभासाची संकल्पना येथे उपयोगी आहे. स्थायीभाव अनुचित विषयाकडे वळला की रस न होता रसाचा आभास होतो, असे आपले काव्यशास्त्र सांगते. अभिनवगुप्ताने यात एक सूक्ष्म निरीक्षण जोडले आहे. रावणाच्या सीतेविषयीच्या अभिलाषेचा आस्वाद घेताना तो क्षणभर शृंगारच वाटतो. शिंपल्यावर रुपे भासावे तसा. हा आभास होता, हे नंतरच्या विचाराने कळते.

मेजरच्या भाषणाने अंगावर रोमांच उभे राहतात, ते वीररसाचेच वाटतात. त्या क्षणी ते खोटे ठरविण्यात अर्थ नाही. प्रश्न नंतरच्या विचाराचा आहे. हा विचार करण्याची सोय कलाकृतीनेच करून ठेवली आहे काय, आणि रसिक तिचा उपयोग करतो काय, या दोन कसोट्यांवर हिंसेच्या चित्रणाची नैतिकता तपासता येईल. त्यासाठी चित्रणाचे प्रमाण मोजण्याची गरज नाही. ‘हेलसिंग’मध्ये रिओचा प्रसंग मेजरच्या भाषणाआधी येतो, ही रचना महत्त्वाची आहे. संकल्प कुणाचा, हा प्रश्न ऐकलेला प्रेक्षकच ते भाषण ऐकतो. सेरासचे पात्रही हेच काम करते. ती दीर्घकाळ रक्त पिण्याचे नाकारते. शेवटी पिते ते मरणासन्न बर्नाडोटने स्वतः देऊ केलेले. मालिकेत रक्त घेतले जाते आणि दिलेही जाते, हा भेद तिच्यामुळे उरतो.

पहिली कसोटी मालिका सर्वत्र उतरत नाही, हेही सांगितले पाहिजे. लंडनच्या विध्वंसात मरणारे नागरिक निनावी आहेत. हे शहर १९१५ मध्ये झेपेलिनांनी आणि १९४०-४१ मध्ये जर्मन विमानांनी प्रत्यक्ष बॉम्बफेक केलेले शहर आहे. त्या वेळी मेलेल्यांना नावे होती. मालिका त्या इतिहासातून आकाशातील जहाजांचे भव्य दृश्य उचलते आणि जमिनीवरची माणसे गर्दी म्हणून सोडून देते. अशा ठिकाणी कॅमेरा मेजरच्या शेजारी जाऊन बसतो. नाझी गणवेशाच्या आकर्षणाविषयीही ती पुरेशी सावध नाही. जेथे कलाकृती विचाराची सोय करीत नाही, तेथे सारा भार दुसऱ्या कसोटीवर, म्हणजे रसिकावर येतो.

अशा कृती पाहूच नयेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. अलिप्तता आस्वादाची अट राहील. तिला निर्दोषत्वाचा दाखला समजता येणार नाही, एवढेच. पडद्यावर पुढचा वार व्हावा अशी इच्छा आपल्या मनात उमटते, तेव्हा तीही एक लहानशी आज्ञाच असते. बंदूक चित्रातली असते. संकल्प मात्र आपला असतो. तो आपला आहे असे म्हणण्याची तयारी असलेला रसिक मेजरपासून वेगळा होतो. दुसरा कोणताही भेद त्याला तितका ठामपणे वेगळा करीत नाही.