कादाचित्क दोष आणि दैवाचे स्थान

एखाद्या कार्याचे अपयश दैवावर सोपवण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा भारतीय तत्त्वचिंतनातील जुना प्रश्न असून त्याची चर्चा बहुधा जन्म, मृत्यू, कर्म आणि मोक्ष यांच्या संदर्भात होत आली आहे. परंतु हा प्रश्न नित्य व्यवहारातही तितक्याच तीव्रतेने उभा राहतो, आणि जेथे कारण डोळ्यांना दिसत नाही व दोष केव्हा प्रकट होईल याचा नेम नसतो, तेथे तर तो विशेष कसोटीचा ठरतो. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यासारख्या, बालाघाटाच्या रांगांमध्ये वसलेल्या आणि शेतमाल, दूध व खवा यांच्या वाहतुकीसाठी पिकअपवर विसंबणाऱ्या प्रदेशात जुन्या गाडीच्या वायरिंगमधील बिघाड हे या कसोटीचे नेमके उदाहरण आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपमध्ये इंधन पेटवण्यासाठी ठिणगी लागते व ती कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग यांच्या साखळीतून निर्माण होते. जुन्या डिझेल पिकअपमध्ये मात्र दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेत असल्यामुळे विजेचे काम सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, हीटर प्लग आणि चावी फिरवताच डिझेलचा मार्ग उघडणारा सोलेनॉइड यांच्यापुरते राहते. दोन्ही प्रकारांत बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह तारेतून जातो, पण परत येतो तो गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, आणि या परतीच्या मार्गालाच गॅरेजच्या भाषेत अर्थिंग म्हणतात. तार तुटली तर ती निदान दिसू शकते. परंतु रंगाखाली, चिखलाखाली किंवा बोल्टच्या मागे गंजलेला अर्थिंगचा सांधा बाहेरून धडधाकट दिसतो. वीज स्वतः कोणालाच दिसत नाही, दिसते ते तिचे कार्य, आणि म्हणून वायरिंगमधील प्रत्येक शोध हा न्यायशास्त्राच्या परिभाषेत अनुमानाचा, म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे ज्ञान करून घेण्याचा, व्यापार असतो.

अशा गाडीचा सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे अधूनमधून येणारा दोष. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झालेली गाडी दुपारी माल भरल्यावर मुकी होते, घाटात हॉर्न वाजत नाही आणि सपाटीवर आपोआप वाजू लागतो, आणि मिस्त्रीसमोर उभी केली की तिला काहीच झालेले नसते. याच ठिकाणी गाडीची साडेसाती निघते, नजर लागल्याचे बोलले जाते आणि बंपरला नवे लिंबू-मिरची बांधले जाते. येथे उदयनाचार्यांचा विचार उपयोगी पडतो. दहाव्या-अकराव्या शतकातील या नैयायिकाने ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, जे कार्य कादाचित्क आहे, म्हणजे कधी असते आणि कधी नसते, ते कारणसापेक्षच असले पाहिजे. कारण ज्याला कशाचीच अपेक्षा नाही ते एकतर सदैव असेल किंवा कधीच नसेल. सामान्य समज याच्या अगदी उलट आहे. जे नेहमी घडते त्याला कारण असते आणि जे कधीकधी घडते ते नशिबाने घडते, असे लोक मानतात. उदयनाचार्यांच्या दृष्टीने मात्र ‘कधीकधी’ हीच कारणाची सर्वांत बळकट साक्ष आहे. दुपारी सेल्फ फिरत नसेल तर दुपारचे काहीतरी, म्हणजे उष्णता, भार, हादरा किंवा ओल यांपैकी काही, त्या दोषाच्या कारणसामग्रीत सामील आहे, आणि दोषाची अनियमितता ही शोध सोडण्याची सबब नसून शोधाची दिशा आहे.

दिशा मिळाली तरी वाटेत हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखी दिसणारी पण निष्कर्षाला पेलू न शकणारी कारणे, आडवी येतात. त्यांपैकी सव्यभिचार हेतू, म्हणजे साध्य असताना आणि नसतानाही आढळणारा हेतू, वायरिंगच्या कामात रोज भेटतो. सेल्फच्या टोकाशी टेस्ट लॅम्प लावला आणि तो लख्ख पेटला की ‘इथपर्यंत करंट येतोय, म्हणजे वायर चांगली आहे’ असा निर्वाळा दिला जातो. परंतु पाच वॅटचा छोटा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर प्रवाह घेतो, तर सेल्फ फिरताना सुमारे २०० अँपिअर मागू शकतो. वाटेतल्या गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ ०.०२ ओहम असला, तर दिव्यासाठी तेथे एका व्होल्टचा शंभरावा हिस्साही गळत नाही, पण २०० अँपिअरच्या प्रवाहाला तोच सांधा ४ व्होल्ट गिळून टाकतो आणि बारा व्होल्टच्या गाडीत सेल्फ नुसता ‘कट’ असा आवाज करून थांबतो. दिवा चांगल्या तारेवरही पेटतो आणि अशा सदोष मार्गावरही पेटतो, म्हणून त्याचे पेटणे हा तारेच्या निर्दोषतेचा हेतू होऊ शकत नाही. योग्य परीक्षा भार असतानाच करावी लागते: मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून कोणीतरी सेल्फ मारावा, आणि त्या क्षणी अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी अर्थिंगची पट्टी सोडून घासावी.

दुसरा धोका अन्यथासिद्धाचा. जी गोष्ट कार्याच्या आधी हजर असते, पण जिच्यावाचूनही कार्य घडू शकले असते, तिला नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात, आणि घटासाठी माती वाहून आणणारे गाढव हे त्यांचे ठरलेले उदाहरण आहे. नवी बॅटरी बसवली आणि गाडी चालू झाली, यावरून जुनी बॅटरी खराब होती असे सिद्ध होत नाही; कारण बॅटरी बदलताना टर्मिनलवरचा पांढुरका थर निघाला, क्लॅम्प घट्ट आवळले गेले, आणि खरे कार्य कदाचित त्यानेच केले. पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, तेव्हा जुन्या बॅटरीचे हे माप घेऊन, तिच्यावर भार टाकून आणि ती स्वच्छ टर्मिनलसह पुन्हा जोडून पाहिल्याशिवाय अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, या दोन्ही बाजू पूर्ण होत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा मिस्त्रीचा नियम या तत्त्वाचेच व्यवहारातील रूप आहे. ज्याने एकाच दुपारी बॅटरी, रिले आणि चावीचा स्विच बदलला, त्याची गाडी चालू होईल, पण त्याला ज्ञान झाले असे म्हणता येणार नाही, आणि महिन्याभराने तोच दोष परतला तर त्याच्यापाशी दैवाशिवाय दुसरे उत्तर उरणार नाही.

या प्रश्नाला नीतीचीही बाजू आहे. फ्यूज ही मुद्दाम दुर्बळ ठेवलेली तार असून प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती स्वतः वितळून बाकीच्या तारांना वाचवते. वायरिंगचा जुडगा केबिनच्या पत्र्यातून जातो तेथील रबर झिजून तारेचे आवरण सोलले गेले, तर एखाद्या खड्ड्यात तार पत्र्याला चिकटते आणि फ्यूज उडतो. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून गाडी ‘डायरेक्ट’ करण्याची पद्धत सर्वत्र दिसते. यात दोष जात नाही, केवळ त्याची साक्ष बंद होते, आणि पुढच्या खड्ड्यात फ्यूजऐवजी अख्खा जुडगा जळतो. ज्या तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांच्या कारखानदारीसाठी ओळखले जाते, तेथे शॉर्ट झालेल्या एका तारेची किंमत किती असू शकते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा आगीनंतर ‘देवाची इच्छा’ म्हणणे हे श्रद्धेचे बोलणे नव्हे. ते आपल्या कृत्याचा भार देवावर टाकणे आहे.

मग दैवाला स्थान कोणते? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे व्यापार, आणि पाचवे दैव. यातील क्रम लक्षणीय आहे, कारण दैव नाकारलेले नाही, पण ते उरलेल्या चौघांना बाजूला सारूनही येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शंकराचार्य आपल्या भाष्यात आणि ज्ञानेश्वर १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त या दैवाचा अर्थ आंधळे नशीब असा न करता, सूर्यादी ज्या देवता चक्षुरादी इंद्रियांवर अनुग्रह करतात त्यांचा समूह असा करतात. हा अर्थ स्वीकारला तर दैव हे पाहण्याच्या विरुद्ध उभे राहत नाही. दृष्टी ज्याच्या बळावर पाहते ते दैव ठरते. खंडेनवमीला गॅरेजात पाने, पकडी, टेस्ट लॅम्प आणि मीटर धुऊनपुसून मांडले जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि दसऱ्याला गाडीच्या बोनेटवर झेंडूची माळ चढते, तेव्हा त्या पूजेचा सर्वांत सुसंगत अर्थ हाच आहे की, ज्या साधनांनी न दिसणारे कळते त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी. मीटरची पूजा करायची आणि त्याने दाखवलेला आकडा मात्र नशिबाच्या नावाने डावलायचा, ही त्या पूजेशीच प्रतारणा आहे.

येथे असा आक्षेप संभवतो की, उदयनाचार्यांनी कादाचित्कत्वाचा हा युक्तिवाद शेवटी अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्मजन्य अलौकिक कारण, आणि ईश्वर यांच्या सिद्धीसाठीच वापरला, तेव्हा तो लौकिक शोधाच्या बाजूने उभा करणे योग्य नाही. परंतु अदृष्ट मानणाऱ्या नैयायिकांनीही घटाच्या उत्पत्तीतून माती, चाक आणि कुंभार यांना वगळले नाही. अदृष्ट हे दृष्ट कारणांच्या सोबतीने कार्य करते, त्यांच्या जागी बसत नाही. म्हणून गंजलेला सांधा घासून, भाराखाली माप घेऊन आणि झिजलेली तार बदलून झाल्यानंतरही जी अनिश्चितता उरते, ती नम्रपणे दैवाच्या स्वाधीन करण्यास आस्तिकाला पूर्ण मोकळीक आहे. तपासायचा राहिलेला सांधा मात्र दैवाच्या खात्यात मांडता येत नाही, कारण तो कर्त्याच्या चेष्टेतील उणिवेचा भाग आहे. आणि ही उणीव जो स्वतःकडे घेतो, त्याच्याच तोंडी दैवाचे नाव शोभते.